वायर का राहिली?

३ फेब्रुवारी

खटपट्या,

आशीर्वाद आहेत, पण आज जरा हात आखडूनच देतोय.

फोन करत नाही. फोनवर तू ‘मीटिंगमध्ये आहे बाबा’ म्हणतोस, मग माझा आवाज चढतो, मग तुझी आई आतून येऊन माझ्या हातातला फोन काढून घेते आणि स्वतः तासभर कुजबुजत बसते. पत्राला मीटिंग नसते. वाच, नाहीतर ठेवून दे.

ताईच्या लग्नाचा विषय मी काढणार नाही. एकुलता एक भाऊ, आणि तो हॉलमध्ये नाही, कारण त्या दिवशी त्याच्या कंपनीत डेमो होता. पाहुणे विचारत होते, धाकटा कुठाय? मी सगळ्यांना सांगत होतो, तो फार मोठ्या कामात आहे. बघ, काढलाच विषय. जाऊ दे.

कामाचं बोलतो. तुमचा तो नवा हेडसेट येणार कधी?

हसू नकोस. जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस खाल्लेल्या माणसाला हे थेर कशाला हवेत, असं तुला वाटत असेल. मलाही तसंच वाटायचं. दोष सगळा खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरचा. दवाखाना मुलीच्या गळ्यात घालून तो मोकळा झाला आणि त्याने घरात कपाटाएवढा कंप्युटर आणून ठेवला. त्याला जोडलेला हेडसेट डोळ्यांवर चढवायचा, की आपण बसल्या जागी भलतीकडेच. खोलीच्या दोन कोपऱ्यांत त्याने दोन ठोकळे ठोकलेत, ते म्हणे आपण कुठे उभे आहोत ते बघत असतात. पहिल्यांदा त्याने मला विमान चालवायला बसवलं. खाली ढग बघितले आणि मी खुर्चीचा हात असा धरला की तो निखळून आला. मीच परत बसवून दिला.

तेव्हापासून चटक लागली, हे खरं. पण त्या कंप्युटरचे नखरे! तासभर उडायचं तर आधी अर्धा तास त्याची मनधरणी. कधी पडदा काळाच, कधी डावा हात उजवीकडे, कधी त्याला नवा ड्रायव्हर लागतो. (मला आधी वाटलं, विमानासाठी माणूसच मागवतोय.) आणि पायांत ती वायर. परवा मी समुद्रावरून वळलो आणि खुंटाला बांधलेल्या बैलासारखा स्वतःभोवतीच गुंडाळलो गेलो. डॉक्टरने कात्री आणली होती. मी ओरडलो म्हणून वायर वाचली.

मी त्याला ठणकावून सांगितलंय, “माझ्या पोराचा हेडसेट येऊ दे. टीव्हीखाली कन्सोल, म्हणजे खेळाचा डबा, एक बटण दाबलं की सुरू. आणि वायरच नाही!”

तो म्हणतो, “मिस्त्री, कन्सोल म्हणजे खानावळीचं ताट. वाढतील ते मुकाट खायचं. पीसी म्हणजे आपलं स्वतःचं स्वयंपाकघर.”

मी म्हटलं, “स्वयंपाकघर खरं, पण तू रोज शेगडीच दुरुस्त करत बसतोस. जेवणार कधी?”

तू मागे म्हणाला होतास, ‘बाबा, वायर घालवायचं काम आमच्या टीमकडे आहे, बाहेर बोलू नका.’ मी बाहेर कुठे बोललो? एका डॉक्टरला सांगितलं. आता तो अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरला, त्याला मी काय करू?

त्याने नवा हेडसेट घेतलाय, जुना मला देतोय. कंप्युटरही जोडून देतो म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. पोरगा तिकडे रक्त आटवतोय आणि बापाने इकडे दुसऱ्याचा डोक्यावर चढवायचा? माणसाला काही लाज?

तेव्हा आता नीट सांग, कधी येतोय. तारीख सांगू नकोस, उगाच तुझी नोकरी जायची. उन्हाळा की हिवाळा एवढंच सांग. तेवढ्यावर मी डॉक्टरला गप्प बसवतो.

— बाबा


१९ एप्रिल

खटपट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. भिंतीशी बोलायची मला सवय आहे, लिफ्टची भिंत निदान आवाज तरी परत द्यायची.

काल तुमच्या कंपनीने तो दाखवला. तुला माहीतच असेल, तू तिथेच कुठेतरी पडद्यामागे असशील. आम्ही डॉक्टरच्या मोठ्या स्क्रीनवर बघितला. बिल्डिंगमधले आठ-दहा जण मीच बोलावले होते. तुझी आई नाही आली, डोकं दुखतं म्हणाली.

तो फाटकी पँट घातलेला साहेब स्टेजवर आला. दुप्पट स्पष्ट चित्र, ठीक. नजर फिरवली की यंत्राला कळतं, उत्तम. डोक्यावरसुद्धा थरथर जाणवणार, चांगलं आहे. मग त्याने हेडसेट हातात उचलला, आणि त्याच्या मागून लोंबत आली वायर.

वायर, खटपट्या! काळी, हातभर नव्हे, चांगली पुरुषभर.

सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी स्क्रीनकडे, जणू अजून कुणीतरी येऊन ती कापून टाकणार आहे. मला वाटलं, आता डॉक्टर माझी सालं काढणार. महिनोन्‌महिने मी त्याला याच वायरीवरून छळलंय. तर हा म्हणतो, “एकच आहे रे मिस्त्री. एकीने काय होतं? माझ्याला बघ किती लोंबतायत.” आणि सगळ्यांना चहा विचारायला लागला.

पीसीवाला माणूस कन्सोलची बाजू घेतो? मला आणखीच राग आला. हरल्यावर समोरच्याने दात काढावेत, त्यात निदान मान असतो. पाठीवर हात फिरवणारा नको.

तर मला आता सांग, वायर का राहिली? जमलं नाही का तुम्हाला? ज्या कामापायी बहिणीचं लग्न बुडवलंस, ते काम तरी तडीस न्यायचं होतंस.

आणि त्यात तुझं नेमकं काय आहे? पट्टा? भिंगं? आतला पंखा? लोक विचारतात. जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मी ‘भिंगं’ म्हणून मोकळा झालो. खोटं असेल तर वेळेवर कळव, पुढच्या माणसाला बदलून सांगीन.

वर्षअखेरीला येणार म्हणे. वर्षअखेर म्हणजे कधी, ते त्या फाटक्या पँटलाही माहीत नसावं.

— बाबा


२ जुलै

खटपट्या,

हे पत्र टाकायला तुझ्या आईकडे दिलं, तर ती पाकीट हातात धरून म्हणाली, “यात पुन्हा त्या हेडसेटचंच रडगाणं आहे का?”

“मग काय असणार?”

“त्याला जेवलास का विचारा.”

पाकीट परत उघडलं आणि हे वरती लिहितोय. जेवलास का?

आता खालचं वाच. या घरात मला काहीतरी खटकतंय. तुझ्या कामाचं नाव काढलं की तुझ्या आईला कपडे वाळत घालायचे असतात. दोरीवर जागा नसली तरी. ताईला फोनवर विचारलं, ‘भावाशी बोलणं होतं का?’ तर तिच्याकडची रेंज गेली. तिच्या शहरात रेंज फक्त तुझ्या नावाने जाते.

आणि डॉक्टर! काल मी मुद्दाम काडी टाकली. म्हटलं, “तुझा नवा हेडसेट भंगारात जाणार बघ, आमचा आला की.” एरवी यावर तो तासभर तणतणला असता. काल म्हणाला, “हो, जाईल कदाचित.”

“अरे, भांड की!”

“कशाला भांडू? विषय बदल ना, मिस्त्री.”

“का बदलू?”

तो एकदम म्हणाला, “बरं, तुझा कन्सोल म्हणजे भिकार डबा आहे. झालं समाधान?” झालं नाही. मनापासून बोलला नव्हता तो. इतक्या वर्षांत मला त्याचा आवाज कळतो.

तुमच्यावर तिकडे काही आलंय का? कंपनी बुडतेय का? मी कुणाला सांगणार नाही. डॉक्टरलाही नाही.

— बाबा


२७ जुलै

खटपट्या,

आज आशीर्वाद-बिशीर्वाद काही नाही.

ताई आणि जावई आले आहेत. काल जेवताना मी जावईबापूंना तुमच्या भिंगांचं सांगत होतो. कशी तुझ्या टीमने केली, कशी नजरेबरोबर चित्र फिरतं, वगैरे. ते बिचारे साधे. म्हणाले, “पण बाबा, तो तर आता तिथे—” एवढ्यात ताईने टेबलाखालून त्यांना लाथ मारली. ती चुकली आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर बसली.

मी ओरडलो. पण त्या ओरडण्यात मला सगळं कळलं. तुझी आई भाजी वाढता वाढता थांबली होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी म्हटलं, “आता बोला. गुडघा गेलाच आहे.”

मग ताईने सांगितलं. लग्नानंतर महिनाभरातच तुमची वायरीची टीम बंद केली. एका सकाळी बोलावलं आणि ओळखपत्र काढून घेतलं. ज्या डेमोपायी तू आला नाहीस, तोच साहेबांना आवडला नव्हता. आणि आता तू एका दुकानात काउंटरमागे बसून लोकांचे कंप्युटर जोडतोस, बिघडलेले दुरुस्त करतोस.

म्हणजे मी फेब्रुवारीत तुला लिहिलं ‘नोकरी जायची’, तेव्हा ती जाऊन किती दिवस झाले होते? एप्रिलात मी तुला पडद्यामागे शोधत होतो! गाव जमवून! वायरीबद्दल तुला लिहिलं ते पत्र असेल तर फाडून टाक. नसेल तर आणखी उत्तम.

जेवण तसंच टाकून खाली गेलो. डॉक्टरने दार उघडलं. मी विचारलं, “तुला माहीत होतं?”

“होतं. वहिनींनी सांगितलं.”

“कधीपासून?”

“बरेच दिवस.”

“आणि तरी माझ्याशी भांडत होतास? कन्सोल असा आणि कन्सोल तसा?”

तो म्हणाला, “भांडणं बंद केलं असतं तर तुला त्याच दिवशी कळलं असतं. ते स्टेजवरचं बघितल्यावर मला जमेना. तुझं तोंड बघवत नव्हतं.”

मी त्याचं दार आपटलं. नंतर आठवलं, दार त्याचं होतं आणि मी आतच उभा होतो. मग तसाच त्याच्या सोफ्यावर बसून राहिलो. त्याने पाणी आणून दिलं.

तुझ्या आईला मी विचारलं, या घरात मी भाडेकरू आहे का? ती म्हणाली, “त्यानेच शपथ घातली होती. म्हणाला, बाबांना नको, बाबा बिल्डिंगभर सांगत असतात. आणि आता दुकानात पाना घेऊन बसतो, हे त्यांना कसं सांगू?”

हे वाक्य मला रात्रभर चावत होतं, खटपट्या. बाकी सगळं मी गिळलं, हे गिळवत नाही. पाना घेऊन बसतो! अरे, तू कुणाचा मुलगा आहेस? मी काय मखमलीच्या गादीवर बसून तुला वाढवलं? सगळ्या गावाच्या लिफ्टा मी पान्याने वरखाली ठेवल्या. शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या पुढे ‘मेकॅनिक’ असं तू मोठ्या अक्षरात लिहायचास, मी सांगितलं नव्हतं तुला. आता त्याच पान्याची तुला माझ्यापुढे लाज वाटली? माझ्यापुढे?

आणि एक. कंप्युटरच्या दुकानात! म्हणजे शेवटी पीसीवाल्यांतच जाऊन बसलास. डॉक्टरला हे माहीत होतं आणि त्याने एका शब्दाने चिडवलं नाही. यासाठी मी त्याला कधीही माफ करणार नाही.

उत्तर लिही. नाही लिहिलंस तर मी रोज एक पत्र टाकीन आणि पोस्टमन तुझ्या नावाने बोटं मोडील.

— बाबा


११ ऑक्टोबर

खटपट्या,

तुझं पत्र आलं. एवढ्या महिन्यांनी मोजून चार ओळी. बरं. लिफ्टसुद्धा बंद पडल्यावर आधी इंचभरच हलते.

लिहितोस, ‘बाबा, तुम्ही इतक्या अभिमानाने सगळ्यांना सांगत होता, त्यातून तुम्हाला खाली कसं उतरवू?’ मूर्ख आहेस. वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला आधी सांगायचं असतं की तो अडकलाय. हे कामाच्या पहिल्या दिवशी शिकवतात. नाहीतर तो आत बटणं दाबत बसतो. मी वर्षभर बटणं दाबत बसलो होतो.

तुमचा तो हेडसेट आला. गेल्या शनिवारी, वर्षअखेरीची वाट न बघता. मी जाणार नव्हतो, डॉक्टर घेऊन गेला. दुकानात रांगेत सगळी पोरंसोरं, आणि मागे आम्ही दोघं म्हातारे, एक पाठीत वाकलेला आणि एक गुडघ्यात. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “काका, नातवासाठी का?” डॉक्टर म्हणाला, “नाही, हे यातले जुने जाणकार आहेत. जपून बोला.”

तिने माझ्या डोक्यावर बसवून दिला. तू लिहिलंयस, तुमचं काहीच त्यात शिल्लक ठेवलं नाही, एक स्क्रूसुद्धा नाही. तरी मी आत शोधत होतो. काय शोधत होतो, विचारू नकोस. एका दरीच्या काठावर उभा होतो, समोर पक्ष्यांचा थवा, आणि मी खाली बघतोय, कोपऱ्यात बघतोय, आभाळाची शिवण बघतोय. माणूस नव्या घरात गेल्यावर भिंतीवर हात फिरवतो, तसं.

आणि खटपट्या, तो चांगला आहे रे. हाच तर वैताग आहे. मला वाटत होतं, तुम्हाला हाकललं म्हणजे आता भिकारच निघणार. मी मनातल्या मनात शिव्या तयार ठेवल्या होत्या. पण एक बटण दाबलं आणि सुरू झाला, वायर काही पायात आली नाही, पक्षी इतके खरे की मी मान चुकवली. तुला टाकून त्यांनी चांगली वस्तू केली. मी तो काढला तेव्हा ती मुलगी म्हणाली, “कसा वाटला काका?” मी नुसता त्याचा पट्टा चाचपत राहिलो. डॉक्टर मध्ये पडला, “जरा गरगरलं त्यांना.” गरगरलं नव्हतं.

घ्यायचा नाही असं ठरवूनच गेलो होतो. कन्सोलसकट घेऊन आलो. का, ते मलाही सांगता येत नाही. टीव्हीखाली ठेवलाय. अजून खोका उघडलेला नाही. तुझी आई त्याच्यावरची धूळ पुसते आणि माझ्याकडे बघते.

दुकानात ऊन येतं का? दिवसभर उभं राहावं लागतं का? उभं राहत असशील तर पायाखाली जाड रबराचा तुकडा टाक. कमरेला बरं.

— बाबा


२३ नोव्हेंबर

खटपट्या,

काल जे झालं, त्यावर तू फोनवर काही बोलणार नाहीस आणि मीही नाही, म्हणून लिहून ठेवतो.

हा सगळा कट ताईचा, हे मला कळलंय. डॉक्टर सकाळी वर आला, विचारलं न विचारलं आणि खोका फोडला. म्हणाला, “मिस्त्री, मासे पकडायचा एक खेळ आहे. तो तुझ्या कन्सोलवरही चालतो आणि पीसीवरही. तिकडून एक जण यायचाय.”

मी म्हटलं, “दोन्हीकडे चालतो? मग आपण इतके दिवस भांडलो कशाला?”

“दुसरं काय करणार होतो?” म्हणाला आणि माझ्या डोक्यावर पट्टा आवळून निघून गेला. तुझ्या आईलाही घेऊन गेला.

तळं होतं. लाकडी धक्का होता. आणि माझ्या शेजारी टोपी घातलेलं एक डोकं आणि हवेत तरंगणारे दोन हात. मी दचकलो.

“बाबा?”

“पाय कुठायत तुझे?”

“यात पाय नसतात, बाबा.”

“मग बसलायस कशावर?”

“दुकानातल्या स्टुलावर. आज सुट्टी आहे. हा हेडसेट एकाने मोडका म्हणून टाकून दिला होता, मी जोडला.”

चांगला जोडलायस. तिथे बोललो नाही, इथे लिहितो. आवाज कुठे अडकत नव्हता, हात कुठे उड्या मारत नव्हते. मोडका वाटला नाही.

मग आपण बसलो. इतक्या दिवसांनी समोरासमोर, आणि बोलायला दोघांकडे काही नाही. तू म्हणालास, पाणी छान केलंय. मी म्हटलं, हं. माझ्या गळाला एक लहान मासा लागला, मी सोडून दिला. मग तू हळूच विचारलंस, “ताईचं लग्न चांगलं झालं ना?”

कुणीच तुला नीट सांगितलं नव्हतं तर. मी म्हटलं, “झालं. ऐन वेळी हॉलची लिफ्ट बंद पडली. आत ताईच्या सासरची चार माणसं. मी नवा कोट काढला आणि वर मशीनच्या खोलीत शिरलो. सोडवली सगळ्यांना. फक्त तिथे काळोख होता. टॉर्च तोंडात धरून काम केलं. तू असतास तर टॉर्च धरली असतीस.”

मी सहज बोललो होतो, टोमणा नव्हता. पण तुझा उजवा हात वर गेला, डोळ्यांपाशी, आणि तिथे कशाला तरी अडला. मग डावा गेला. तोही अडला. तळ्यात मासे उड्या मारत होते आणि तू दोन्ही हात असे तोंडासमोर धरून बसला होतास.

“काय रे? काय झालं?”

“काही नाही. घाम.”

“मग ते डोक्यावरचं काढ आणि पूस.”

“नको,” तू म्हणालास. “काढलं तर तुम्ही दिसणार नाही.”

मी पुढे काही बोललो नाही. तुला वाटलं असेल, बाबा चिडले. चिडलो नव्हतो. माझाही हात वर गेला होता आणि माझाही अडला होता. तुला दिसलं नसेल तर बरंच आहे.

रविवारी त्याच वेळेला ये. आणि गळाला आमिष लावून बस. काल तासभर नुसता रिकामा गळ पाण्यात सोडून बसला होतास. मला सगळं दिसत होतं.

— बाबा